आमच्यात पहिलं कुणी नसतं

गलांग बेट, ४ मार्च १९९०

ति. थ्वाताईस,
लायचा सा. न.

बाबा एकदा म्हणाले होते, आपल्यात पहिलं कुणी नसतं, पहिल्या मुलावर भुतांची नजर असते. म्हणून तू थोरली असून दुसरी आणि मी तिसरी. ते वाक्य निर्वासितांच्या छावणीतल्या कचेरीत नडेल असं कधी वाटलं नव्हतं.

मुलाखतीत साहेबांनी विचारलं, भावंडांत कितवी. मी सवयीनं तिसरी म्हणाले. अर्जात तर बहीण एकच. मग पहिली कुठं आहे म्हणाले. मला हसूच आलं, तिथंच चुकलं. दुभाषी आपल्याच देशाचा, पण उत्तरेकडचा, त्यांच्यात थोरल्याला थोरलाच म्हणतात. तो शब्दाला शब्द लावून मोकळा झाला. कागदावर लिहिलं गेलं की मी एक भावंड लपवते. ताई, आपण दोघीच असं शपथेवर लिहून पाठव. निर्वासित ठरले तरच कॅनडा, नाही तर परत.

माझ्या क्वेनला नववं वर्ष लागलं. दुपारी आम्ही धक्क्यावर बसतो. पाणी इतकं स्तब्ध असतं की समोरची बेटं हवेत टांगल्यासारखी दिसतात. ती म्हणते, त्यातलं एक मावशीचं.

आमची आठवण काढत जा, इथं उचकी लागली की बरं वाटतं.
तुझी लाय

कॅलगरी, २ एप्रिल १९९०

चि. लायला अ. उ. आशीर्वाद.

वेडाबाई, नको तिथं खरं बोलायची तुझी खोड जाणार कधी? शपथपत्र सोबत आहे. इथल्या कचेरीतल्या बाईंनाही समजवावं लागलं, की पहिली जागा भुतांसाठी मोकळी सोडतात. टाइप करता करता थांबून त्यांनी विचारलं, भुतं फसतात का. मी म्हटलं, भुतं फसतात, कचेऱ्या फसत नाहीत.

इथं अजून बर्फ आहे. कधी वाटतं, हे आपल्या गावचं, बेन त्रेच्या नारळबागेतलं धुकंच, आता आई त्यातून चालत येईल. मागे एका पत्रात लिहिलं होतंस, ते क्वेनला एकटीला पाठवायचं मात्र पुन्हा काढू नकोस. आईचा हात सोडून मी होडीत बसले, ते अकरा वर्षांनीही बोटांतून जात नाही. याल तर दोघी.

माया आहे तशीच आहे, रागावले तरी.
तुझी ताई

गलांग बेट, १९ मे १९९०

ति. ताईस सा. न.

शपथपत्र पोचलं. साहेबांनी पहिलीचा शेरा खोडला, चहाही पाजला. निकाल मात्र तोच: छळाचा पुरावा नाही, परत जा. अपीलही संपलं. सगळे देश मिळून आमच्यावर कायमचा तोडगा शोधतायत म्हणे. माझा तोडगा आईच्या अंगणात निघाला. खरं सांगू, मला फार वाईट वाटलं नाही. काल दुपारी डोळा लागला, तर होडी उलटी चाललेली, खाडीचं तोंड जवळ येत होतं, आई पायरीवर भांडी घासत होती. फक्त क्वेन होडीत नव्हती.

तिचे बाबा युद्धात हरलेल्या जुन्या फौजेतले. तिथं तिला पुढची शाळा मिळेल असं मला वाटत नाही. इथं एकट्या मुलांसाठी वेगळं मंडळ आहे. मी आधी गेले आणि ती छावणीतल्या मुलींच्या घरात राहिली, तर नातेवाइकांकडे पाठवायचा विचार होतो. तिला सांगितलं. ती दिवसभर माझी वेणी घालत बसली, सोडत आणि पुन्हा घालत.

सोबत अर्ज आहे. तू चिडशील, बहुधा फाडूनही टाकशील, मला ठाऊक आहे. तरी पाया पडते, माझ्यावरचा सगळा लोभ तिच्याकडे वळव, आणि सही करून तिला एकटीला मागून घे.

तुझी लाय