आईने बांधलेली वही

४ सप्टेंबर

दाढ काढली! गाल एवढा सुजलाय की घारी म्हणाली, "तोंडात लिंबू धरलंयस का?" मैत्रीण आहे का वैरीण! कळा सोसेनात तेव्हा आईने तिच्या गोळ्यांतली अर्धी दिली. गेल्या वर्षी तिच्या उजव्या मनगटाचं ऑपरेशन झालं तेव्हापासून ती त्या घेते. "एकदाच हं. जहाल असतात."

अर्ध्या तासाने — काय सांगू! दुखणं गेलंच, पण बाकीचंही सगळं गेलं. गणिताची चाचणी, बाबांचं टोचून बोलणं, सगळं. ऊन भिंतीवरून हळूहळू सरकत होतं आणि मी नुसती बघत होते. शेजारच्या खोलीत आई पुस्तकं बांधत होती. दोरा कागदातून ओढला की सुर्र होतं. किती वेळ तेच ऐकत होते.

९ सप्टेंबर

गाल उतरला. काही दुखत नाही. तरी आईला म्हटलं, दुखतंय. दिली नाही. मग मीच घेतली. एकच.

१७ सप्टेंबर

बाटली रिकामी दिसायला लागली. मग डोकं चालवलं! आईच्या कॅल्शियमच्या गोळ्या अगदी तश्शाच दिसतात — पांढऱ्या, गोल. जेवढ्या काढल्या तेवढ्या त्या टाकल्या. हाडं तरी बळकट होतील तिची. हसू नकोस गं वही.

शाळेतून आले की पुस्तकांच्या थप्प्यांमध्ये आडवी होते. खळीचा वास येतो. छत खाली येतं, जरा थांबतं, पुन्हा वर जातं. आई विचारते, "अभ्यास?" मी म्हणते, "चाललाय." माझाच आवाज कुठून तरी लांबून येतो. खोटं कशाला लिहू, फार छान वाटतं.

३० सप्टेंबर

वाचनालयाचा कारकून बारा पुस्तकं परत घेऊन आला. पानं सुटलीयत. "बाई, तुमचं काम असं नव्हतं हो." आईने पुस्तकं ठेवून घेतली. तो गेल्यावर मनगट काखेत दाबून बसून राहिली.

ही वहीसुद्धा तिनेच बांधलीय, उरलेल्या कागदांची, माझ्या वाढदिवसाला. एक पान ओढून बघितलं. हललं नाही. तेव्हा तिचा हात बरा होता.

६ ऑक्टोबर

आज एकही घेणार नाही. शाईने लिहितेय!

दुपार — अंगावर काटा, नाक गळतंय, पाय एका जागी राहत नाहीत. घारीने डबा पुढे केला तर तिच्यावरच खेकसले. "तुला झालंय तरी काय?" रडली बिचारी.

संध्याकाळ — घेतली.

१४ ऑक्टोबर

डॉक्टरांनी डोस वाढवला. "लागू पडत नाही म्हणजे पुरत नाही." बाबा नवी बाटली घेऊन आले, चांगली मोठी. मला आधी आनंद झाला. आधी! पातेलं उचलताना आई कळवळली, ते नंतर दिसलं. कसली नालायक आहे मी. कसली!

२१ ऑक्टोबर

पुन्हा ऑपरेशन. शुक्रवारी.

एवढी जहाल गोळी घेऊनही कळ थांबत नाही, म्हणजे मनगटात काहीतरी बिघडलंय, उघडून बघायला हवं, असं डॉक्टर म्हणाले. नंतर बोटं पूर्वीसारखी चालतील याची खात्री नाही. बाबा एरवी चहात साखर कमी पडली तरी घर डोक्यावर घेतात. आज आईची सुया-दोऱ्यांची पेटी पुसत बसले होते. पुसलेलीच पुन्हा पुसत होते.

मनगटात काही बिघडलेलं नाही. नव्या बाटलीतही मी कॅल्शियमच भरलं, तिच्या पोटात औषध गेलेलंच नाही. हे मला माहीत आहे आणि तुला. सांगितलं तर हात वाचेल. सांगायलाच हवं.

२३ ऑक्टोबर

सांगायला गेले. आई डाव्या हाताने सुईत दोरा ओवत होती. जमत नव्हतं. "आलीस? ओवून दे गं." ओवून दिला. "गुणाची बाई माझी!" तोंडापर्यंत आलेलं तसंच गिळलं.

उद्या. निघायच्या आधी नक्की.

२४ ऑक्टोबर, सकाळी सहा

नऊला निघणार आहेत. आठला सांगते. बाबा मारतील? मारू देत. वाक्य पाठ केलंय — आई, तुझ्या गोळ्या मी खाल्ल्या. पाच शब्द तर आहेत!

धीर यावा म्हणून एक घेते. शेवटची.

बरं, दोन.

ऊन आलं भिंतीवर. आई पलीकडे पाय न वाजवता वावरतेय. ऊन कॅलेंडरपर्यंत पोचलं की उठायचं. अजून किती लांब आहे ते. कितीतरी वेळ आहे.

२४ ऑक्टोबर, दवाखान्यात

उठले तेव्हा साडेतीन वाजले होते. घरात कुणी नाही. ही वही उचलली आणि पळत आले.

आईचा हात कोपरापर्यंत बांधलाय. "आत काहीच सापडलं नाही म्हणे," बाबा म्हणाले. "उगाच चिरलं." बोटं हलवायला सांगितलं तर अंगठा तेवढा हलला.

आईने डोळे उघडले. "झोप झाली का गं? दमलेली दिसलीस. मीच म्हटलं, उठवू नका."

बाबा, पहिल्या पानापासून वाचा. मी बाहेर बाकावर बसलेय.