नऊ सेकंद

३ फेब्रुवारी
साहेबांनी आज स्टेपलर फेकून मारला! कपाळ थोडक्यात वाचलं. कारण काय — तर माझा आलेख. वृद्धाश्रमाच्या न्हाणीघरांची पाण्याची व्यवस्था बसवण्याआधी मी ती कॉम्प्युटरवर चालवून बघते. बॉयलरचं पाणी सत्तर अंशांचं; मिक्सिंग व्हॉल्व्ह त्यात गार मिसळून नळाला बेचाळीस देतो. पण धुलाईखान्याने गार पाणी एकदम ओढलं की व्हॉल्व्हला सावरायला नऊ सेकंद लागतात. तेवढ्यात नळाला चौसष्ट! म्हाताऱ्या माणसाची कातडी सोलून निघेल.
“महागडा व्हॉल्व्ह परवडणार नाही, नऊच्या जागी दोन टाक,” साहेब ओरडले. “नाहीतर उद्यापासून येऊ नकोस.”

४ फेब्रुवारी
टाकले दोन. रेघ कशी सुतासारखी सरळ आली.

१९ मे
आश्रम सुरू होऊन आठवडा झाला. मी कागदांवर सह्या घ्यायला गेले होते. आतून किंकाळी — एका आजोबांची पाठ भाजली. तासाभरात त्यांचे दोन मुलगे आले. “तूच आच वाढवलीस!” म्हणत बॉयलरवाल्याला त्याच्याच पान्याने बडवलं. तो रक्ताच्या गुळण्या टाकत म्हणत होता, “काटा सत्तरवरच आहे हो, बघा तरी!”
कोणी बघितलं नाही. मी बघितलं. सत्तरच होता.
सह्यांचे कागद पिशवीत घातले आणि घरी आले.

२० मे
बॉयलरवाल्याचा एक डोळा गेला. पोलिसांत तक्रारही त्याच्यावरच.
साहेब चहा ढवळत म्हणाले, “बरं झालं. बळीचा बकरा आयता मिळाला.”
मी की-बोर्ड उचलला आणि त्यांच्या तोंडावर हाणला! बटणं खोलीभर उडाली, एक दात टेबलावर पडला. पुन्हा हाणला. शिपायाने ओढलं म्हणून थांबले. बरं वाटलं — खोटं कशाला लिहू?
हात धुताना उमगलं. मारायला हात उठतो. खरं बोलायला जीभ उचलत नाही.

२१ मे
नोकरी गेली. मनगट सुजलंय. आई विचारते, “कुणाशी भांडलीस गं?” काय सांगू!

२३ मे
दवाखान्यात गेले. बॉयलरवाल्याच्या बायकोला सगळं सांगितलं — आकडा मी बदलला. तिने चप्पल काढली. तीन बसल्या, तोंडावरच. मी हलले नाही. मग चप्पल पायात सरकवत ती म्हणाली, “आता हेच पोलिसांना सांग. चल.”
वाटभर तिने माझा दंड सोडला नाही.