सोन्याखालची रेघ

॥ श्रीमयूरेश्वर प्रसन्न ॥
बारामती, १६ जानेवारी २०२५

चि. सौ. श्यामला हिस केशवदादाचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

सोबत तिळगूळ आहे. अक्षर नात अश्लेषाचे, मजकूर माझा. बोटे आखडतात, एवढेच. भाऊबीजेला ओवाळणीत तुला माझी क्रौंच पक्ष्यांची जुनी जपानी किटली घातली, त्यानंतरचे हे तिसरे पत्र. तिन्हींत प्रश्न एकच : क्रौंच किती, कोणत्या दिशेस उडतात, सोनेरी नक्षी कोठवर जाते? माझ्या संग्रहातील दहा किटल्यांचे टिपण पूर्ण झाले. अकरावीपाशी अडले आहे. इंदापूरचा ऊस, अप्पांचा गुडघा, सर्व कळवतेस. किटलीविषयी अवाक्षर नाही. फोन केला की दूध उतू जाते म्हणून ठेवून देतेस. जन्मभर निष्काम कर्म शिकवले, परंतु या एका उत्तराची आसक्ती काही सुटत नाही.

अप्पांस नमस्कार. आहे तो लोभ राखावा, हे आशीर्वाद.
केशव

इंदापूर, २१ जानेवारी

तीर्थस्वरूप दादांस धाकट्या श्यामलाचा सा. न. वि. वि.

दूध उतू जात नव्हते. मी खोटे बोलले.

चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी देवांची उपकरणी घासायला काढली. किटलीवरचे सोने पाहून वाटले, समई-तबकासारखी हीही उजळावी. आईने शिकवले तशी आधी चिंच, मग राख. दोन तास घासली. धुतली तेव्हा राखेबरोबर सोनेही मोरीत गेले. भांड्यांच्या सिंधुबाई म्हणाल्या, आवो वैनी, पितळ हाय व्हय त्ये? आमचे हे, तुमचे अप्पा, म्हणाले, दादांच्या एकादश रुद्रांतला एक तू खराच दिगंबर केलास. एकटेच हसले.

चिनी माती आईला चालत नसे, म्हणून तिच्या मागेही तुम्ही एकाही किटलीत चहा केला नाहीत. चाळीस वर्षे कोणाला हात लावू दिला नाहीत. मला दिलीत, ती मी महिन्यात बिघडवली. तुम्हाला संशय आला म्हणूनच पुन्हा पुन्हा विचारता, हे कळते. तुमच्यासमोर यायचे धैर्य नाही. रागवा, पण पत्रे थांबवू नका.

तुमच्या लोभास अपात्र,
श्यामला

॥ श्रीमयूरेश्वर प्रसन्न ॥
बारामती, २५ जानेवारी

चि. सौ. श्यामला हिस अनेक आशीर्वाद.

संशय कसला, वेडे? मला दिसत नाही म्हणून विचारले. बोटे धड आहेत. दसऱ्यापासून दोन्ही डोळ्यांच्या मध्यभागी करडा डाग धरला आहे. गेली दृष्टी परतणार नाही, असे डॉक्टर म्हणतात. भाऊबीजेला निरांजनाची ज्योत दिसली, तुझा चेहरा दिसला नाही. तुला घोर नको म्हणून बोटांवर ढकलले. तूही खोटे बोललीस, मीही. एकाच आईची लेकरे.

किटल्या मी हातांनी ओळखतो, परंतु मनातील चित्रे रोज थोडी पुसट होतात. आधी कमळाचा रंग गेला, परवा डोंगराची उतरण. कोणी नीट सांगितले की पुन्हा उभी राहतात. अश्लेषाचे सांगणे म्हणजे फूल आहे, पक्षी आहे, छान आहे! (हे वाक्य तिने नाखुशीने लिहिले.) तीही पुढील महिन्यात पुण्यास नोकरीवर जाईल.

सोन्याचे म्हणशील, तर वेदान्ती सांगतात की आकार-अलंकार नावापुरते, माती तेवढी खरी. मी वर्गात शिकवले. तू राखेने दाखवलेस. ज्या हाताने दोन तास पंखन् पंख घासला, त्याहून ते चित्र कोणास अधिक ठाऊक असेल? तू ये. महिनाभर राहा. रोज एक किटली मला सांग.

वाट पाहणारा,
केशव

इंदापूर, २९ जानेवारी

तीर्थस्वरूप दादांस सा. न. वि. वि.

पत्र वाचून यांनीच माझी पिशवी भरायला घेतली. सोमवारी सकाळच्या एसटीने येते. तोवर अश्लेषाकडून एवढे वाचून घ्या.

पक्षी नऊ आहेत. आठ तोटीकडे उडतात. नववा मुठीजवळ, मान मागे वळवून. सोने गेले तिथे आता केसासारखी तपकिरी रेघ दिसते. कारागिराने आधी हाताने आखून घेतलेली असणार. आठ पक्ष्यांना ती सरळ, एका दमात ओढली आहे. नवव्याच्या मानेशी मात्र कारागिराचा हात थरथरला आहे, दादा. हे तुम्ही डोळे असतानाही कधी पाहिले नसेल.

लोभ वाढवू नये. आहे तोच मला पेलवत नाही.

तुमची,
श्यामला