थंड पाण्याचे मासे

मंगळवार, मे अखेर. संध्याकाळ.

प्रयोगासाठी हिमाचलातून आणलेले बारा ट्राउट आज गेले. कॉलेजच्या टाकीचं पाणी गार ठेवणारं यंत्र सकाळीच बंद पडलं; वाळूजचा मिस्त्री म्हणे उद्या येणार. पाणी तापलं तसा त्यातला प्राणवायू घटला. मासे वर येऊन तोंडं उघडत होते, कल्ले भराभर हलत होते. मी प्यायच्या गार पाण्याचे दोन जार ओतले. तिसरा उचलला तेव्हा झाडलोट करणाऱ्या कांताबाई म्हणाल्या, "मॅडम, आमच्याकडं नऊ दिवस नळ नाय. लेकरं पाणी मागतात, अन् तुम्ही माशांना ओतता व्हय?"

त्यांच्याकडे बघवेना, त्या कल्ल्यांकडेही. जार त्यांना दिला. सहापर्यंत एकेक मासा उताणा झाला.

तो जार ओतला असता तर एखादा वाचला असता? बहुतेक नाही. हे मला माहीत आहे, की सोयीचं म्हणून मी मानतेय?