बरडावरची तोड

गुरुजी,

तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, पण तुमच्यावरचा माझा राग काही गेला नाही. जळगाव जामोदच्या बाजारात तुमचा एखादा जुना विद्यार्थी भेटतो, भाजीची पिशवी खाली ठेवून थांबतो आणि म्हणतो, ''गुरुजीवानी मानूस पुन्हा गावात आला नाई.'' मी मान हलवते. पण घरी येईपर्यंत तुम्ही माझ्या डोळ्यांपुढं असता, बरडावर, काखेत छत्री धरून उभे, आणि तुमच्या मागं कुऱ्हाडी चालत असतात.

महाराष्ट्र नुकता झाला होता आणि मी पहिलीत होते. आपली शाळा तेव्हा मारुतीच्या पारावर भरायची. पाऊस आला की सुट्टी. गावामागं सातपुड्याकडं तोंड करून पडलेलं ते बरड म्हणजे नुसते दगड आणि तरवडाची झुडपं. चुलीपुरतं सरपण आणायला बाया तिथं जायच्या आणि मुळं खणून आणायच्या, कारण वर काही उरलंच नव्हतं. तुम्ही मोताळ्याकडून बदलून आलात आणि पहिल्याच महिन्यात आम्हाला सगळ्यांना तिथं घेऊन गेलात. एका ठेंगण्या खुंटाजवळ बसलात, बोटांनी माती बाजूला केलीत आणि आम्हाला आतला ओला, लालसर कोंब दाखवलात. म्हणालात, ''हे मेलेलं नाही. आपण याला वर येऊ देत नाही, एवढंच.'' मला वाचता येत नव्हतं तेव्हा, पण ते वाक्य मला पाठ झालं.

त्यानंतर शनिवारची शाळा बरडावरच. आम्ही दगड उचलून उतारावर आडव्या ताली घातल्या. मुलींनी घरून बोराच्या, निंबाच्या, खैराच्या बिया आणल्या. उन्हाळ्यात विहिरीवरून कळशा वाहिल्या. तुम्ही आम्हाला प्रत्येक झाडापाशी थांबवायचे आणि म्हणायचे, ''विचारा. काहीही विचारा. न विचारणाऱ्याला मी शिकवत नाही.'' आम्ही विचारायचो. मुंगळे चिकाला का येतात, पळसाची पानं तीनच का, हिवराला काटे कशाला. तुम्हाला उत्तर आलं नाही तर तुम्ही तसं सांगायचे. याच्यासाठी मी तुम्हाला मानत होते, गुरुजी. म्हणून तर पुढचं इतकं लागलं.

आणि मग एका संध्याकाळी तुम्ही आमच्या घरी येता. मी चुलीपुढं बसले आहे, माय पदरानं कप पुसते आहे. आम्हाला वावर नव्हतं, कसायला एक तुकडाही नाही. बाप खामगावला जिनिंगमध्ये हमालीला. आमच्याकडं होत्या त्या बकऱ्या, आणि त्या चरायच्या बरडावर. मायनं तुम्हाला बकरीच्या दुधाचा चहा दिला. तुम्ही तो बशीत ओतून प्यायलात, चांगला झाला म्हणालात आणि मग हळूच सांगितलंत की बरड राखायचं तर बकऱ्या तिथं जाता कामा नयेत.

''मंग मी त्यायले कोठी नेऊ, गुरुजी?'' माय म्हणाली. ''आमाले ना वावर ना धुरा.''

''काही वर्षं कळ काढा,'' तुम्ही म्हणालात. ''गवत वाढलं की कापून न्या, हवं तेवढं. हे रान पुढं तुमचंच आहे. या पोरांचं आहे.''

पुढच्या बाजारी मायनं बकऱ्या विकल्या. मी सोबत होते. लाल बकरी नव्या मालकाच्या दोरीला ओढ देऊन मायच्या लुगड्याला तोंड लावत होती आणि माय दुसरीकडं पाहत होती. त्यानंतर आमच्या घरी कोरा चहा सुरू झाला. माझा लहान भाऊ दुधासाठी रडायचा, तेव्हा माय त्याला कडेवर घेऊन दारात यायची आणि बरडाकडं बोट दाखवायची. तिचा तुमच्यावर तेवढा विश्वास होता.

बरड उठलं, हेही खरं. खुंटांना फुटवे आले, पळस आणि हिवर पुरुषभर झाले, नाल्याकाठच्या म्हाताऱ्या बाभळींना कोणी हात लावेना. गवत कमरेला लागायला लागलं. तितर बोलायला लागले. साहेब लोक जीपमधून पाहायला आले आणि त्यांनी तुमच्या पाठीवर हात ठेवला. मी चौथीत होते. आम्ही रांगेत उभे होतो, प्रत्येक जण आपापल्या झाडाशी.

त्याच उन्हाळ्यातला तो शनिवार. आम्ही कळशा घेऊन वर येतो, आणि वर बैलगाड्या उभ्या आहेत. माणसं कुऱ्हाडी चालवत आहेत. गावाला शाळेच्या खोल्या मंजूर झाल्या होत्या, विटा गावानं द्यायच्या होत्या आणि विटांच्या भट्टीला लाकूड हवं होतं. हे सगळं पारावर मोठ्या माणसांच्या बैठकीत ठरलं होतं. त्या बैठकीत तुम्ही होता. तुम्ही हो म्हणाला होता. आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. माझ्या मायला कोणी सांगितलं नव्हतं. आणि तुम्ही आम्हाला पाहिलंत, क्षणभर थांबलात आणि म्हणालात, ''आलात का? बरं झालं. त्या फांद्या गाडीपर्यंत ओढा.''

पोरांनी ओढल्या, गुरुजी. ज्यांनी त्या झाडांना पाणी घातलं, त्यांनीच ओढल्या, कारण तुम्ही सांगितलं होतं. मी कळशी खाली ठेवली आणि विचारलं, ''आमाले काऊन नाई इचारलं?''

सगळे ऐकत होते. तुमचा चेहरा लाल झाला. तुम्ही म्हणालात, ''मोठ्यांच्या कामात पोरींनी तोंड घालू नये. उद्या याच विटांच्या खोलीत बसशील, तेव्हा कळेल. उचल ती फांदी.''

मी उचलली नाही. घरी पळत गेले. माय जात्यावर होती. मी सांगितलं, तिचा हात थांबला. ती उठून बरडावर गेली तोवर गाड्या भरून निघाल्या होत्या. ती तुमच्यापुढं उभी राहिली. तिनं तुम्हाला शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, ''माह्या बकऱ्या गेल्या, गुरुजी.'' आणि तुम्ही, दिवसभर आम्हाला बोलायला शिकवणारे, तुम्ही छत्री उघडून खाली उतरलात.

खोल्या झाल्या. मी पाचवी, सहावी, सातवी त्याच खोल्यांत शिकले. त्या नसत्या तर मी चौथीनंतर शेतात निंदायला गेले असते, माझ्याआधीच्या सगळ्या पोरी गेल्या तशी. मला हे कळत नाही असं समजू नका. लोक मला हेच ऐकवतात, म्हणतात, ''अवं, त्या विटायमुळंच तू शाळेची बाई झाली.'' हाव, झाले. म्हणून काय मी गप्प बसायचं? शाळा हवीच होती. पण झाडं ज्यांच्या घामाची, गवत ज्यांच्या वाट्याचं, त्यांना तुम्ही विचारलं नाही. आम्ही लहान होतो आणि आम्हाला वावर नव्हतं. पारावरच्या बैठकीत तुमच्या शेजारी बसलेल्यांना दोन्ही गोष्टी माहीत होत्या, आणि तुम्हालाही.

पुढच्या वर्षी तुमची बदली झाली. हारतुरे झाले. बरडावर गावभरच्या बकऱ्या शिरल्या, जे फुटत होतं ते खुडून गेल्या. तेव्हा माय एक दिवस सकाळी उठली, विळा घेतला आणि बरडाच्या पायवाटेवर जाऊन बसली. पहिला कळप आला त्याला तिनं परत फिरवलं. गुराखी भांडला. ''मीनं माह्या इकल्या,'' माय म्हणाली, ''आता कोनाच्याच जाऊ देत नाई.'' दुसऱ्या दिवशी शेजारची काकू तिच्यासोबत बसली. मग आणखी बाया. मजुरीला जायचं असलं की पाळ्या लावायच्या. आम्ही पोरं शाळा सुटली की ढासळलेल्या ताली पुन्हा रचायचो. नव्या गुरुजींना त्यात गम्य नव्हतं आणि आम्हालाही कोणा गुरुजीची गरज वाटली नाही. खुंट पुन्हा फुटले. ते तुम्हीच दाखवलं होतं, की वरून तोडलं तरी आत ओल असते. पण दुसऱ्यांदा ते रान उठलं ते मायच्या आणि तिच्यासारख्यांच्या हातानं. साहेबाची जीप त्यांच्यासाठी कधी आली नाही.

बुलढाण्याला शिक्षकाचं शिक्षण घेऊन परत येताना मी मोताळ्याला उतरले होते, आठवतं का? तुम्ही ओट्यावर बसला होता, पायांवर सूज होती. तुमच्या सुनेनं चहा दिला. तुम्ही मला ओळखलंत. ''शाळा कशी आहे?'' विचारलंत. ''भिंतींना ओल येते का?'' म्हणालात. मी वाट पाहिली. चहा संपेपर्यंत, तुमची नातवंडं येऊन जाईपर्यंत वाट पाहिली. बरडाचं तुम्ही काही विचारलं नाही. आणि मीही स्वतःहून सांगितलं नाही की ते पुन्हा उठलं आहे. मी निघाले तेव्हा तुम्ही डोक्यावर हात ठेवायला उठत होता. मी तेवढ्यात पायरी उतरले.

आता मी त्याच शाळेत आहे. यंदा आठवीचा वर्ग मंजूर झाला. सरपंच माझ्याकडं आले आणि खुर्चीत बसून म्हणाले, ''बाई, विटा गावालेच पाडा लागते. भट्टीले बरडावरचं लाकूड घेऊ. तुमी फक्त हो म्हना, बायायचं आमी पाहू.'' तेच सगळं, गुरुजी. फक्त तुमच्या जागी मी.

मी म्हटलं, मला विचारू नका, वर या. शनिवारी पोरं, बाया, सरपंच, वीट पाडणारा, सगळे बरडावर बसलो. माय काठी टेकत आली. मी सरपंचांना म्हटलं, मला सांगितलं तेच यांना सांगा. त्यांनी सांगितलं. मग सहावीतली एक पोरगी म्हणाली, ''बाई, आमच्या धुऱ्यावर कापूस येचून उरलेल्या पऱ्हाटीचा ढीग पडला हाये. थे नाई जळत काय भट्टीत?''

वीट पाडणारा म्हणाला, ''जळते ना. तुरीच्या तुऱ्हाट्याही जळते. फक्त लय लागते.''

एक बाई उसळली, ''मंग आमी चुलीत काय घालू?'' त्यावर भांडण झालं, चांगलं जोरात झालं. शेवटी ठरलं, ज्याची कपाशी जास्त त्यानं पऱ्हाटी जास्त द्यायची, ज्याला वावरच नाही त्यानं काही द्यायचं नाही, आणि बरडावरचं फक्त वाळून पडलेलं उचलायचं. सरपंच कुरकुरले, पण एवढ्या लोकांपुढं नाही म्हणता येईना. भट्टी लागली. विटा चांगल्या भाजल्या.

पऱ्हाटी तेव्हाही होती, गुरुजी. वावरावावरात होती. तुम्ही पारावरून उठून एकदा आमच्यापर्यंत आला असता, तर तेव्हाही कोण्या पोरीनं हेच सांगितलं असतं. खाली उतरताना माय माझा हात धरून म्हणाली, ''तवाच इचारलं असतं त तवाच निंगालं असतं हे.'' तिच्या बोलण्यात राग नव्हता. माझ्यात दोघींचा आहे.

हे मी कोणाला पाठवणार नाही. मोताळ्याला तुमचा मुलगा आहे, त्याला तुमचं चांगलंच आठवू दे. पण एक गोष्ट इथं लिहून ठेवते, कारण ती दुसऱ्या कोणाला सांगवत नाही. त्या शनिवारी मी सगळ्यांना विचारायला वर गेले तेव्हा झाडं द्यायची नाहीत हे माझ्या मनात आधीच ठरलेलं होतं. पोरांनी झाडं द्या म्हटलं असतं, तर मी त्यांचं ऐकलं असतं की नाही, मला सांगता येत नाही.