तीन टोपल्यांचं पिंपळपान

माय, काल दहावीच्या वर्गात समरूप आकृत्या शिकवताना फळ्यावर त्रिकोणाऐवजी मी पिंपळाचं पान काढलं. मुली हसल्या. नांदेडच्या शाळेत मी गणित शिकवते हे बघायला तू राहिली नाहीस, म्हणून लिहिते आहे.

बुद्धपौर्णिमेला जळकोटच्या आपल्या विहारात जमिनीवर फुलांचं पिंपळपान करायचं काम त्या वर्षी बायकांनी पहिल्यांदाच तुझ्यावर सोपवलं होतं. त्यांच्यासमोर ते नीट व्हावं म्हणून तुझा जीव टांगणीला लागलेला. आधी तू अंगणात दोन हात लांबीचं करून पाहिलंस, त्याला झेंडूच्या पाकळ्यांची एक टोपली लागली. विहारात सहा हातांचं करायचं ठरलं. मी तेव्हा दहावीत. तू भाकरी थापते आहेस आणि मी उंबऱ्यात बसून सांगते आहे, की नऊ टोपल्या लागतील. "तीन पट पान, तीन टोपल्या. लई शानी झालीस. भाकर खा अन् गप बस," असं म्हणून तू मला उडवून लावलंस.

पौर्णिमेच्या सकाळी तुम्ही बायका देठाकडून भरत गेलात आणि पान अर्ध्यावर यायच्या आतच तिन्ही टोपल्या रिकाम्या झाल्या. फुलं लातूरहून आलेली, आणखी आणायला वेळ नव्हता; बुद्धवंदना तासाभरावर. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अक्का, पान किड्यानं खाल्लं का काय?" बायका हसल्या. तुझा चेहरा उतरला. माझ्याकडे वळून तू म्हणालीस, "नऊ कशा, दाखव."

मी विहाराच्या फरशीवर बोट ठेवलं. एका फरशीची बाजू तिप्पट घे, म्हटलं. तू आडव्या तीन मोजल्यास, उभ्या तीन मोजल्यास, आणि आत नऊ भरल्या. "मंजे लांबी बी वाढती अन् रुंदी बी," तू हळूच म्हणालीस. आणि लगेच, "मग तीन टोपल्यांत केवढं बसतं?" इतक्या बायकांत, इतक्या घाईत तुला हा प्रश्न सुचला, याचा मला आजही अभिमान वाटतो. उत्तर होतं साडेतीन हातांच्या जरा आत. पाकळ्या गोळा करून आपण देठापासून आखलेल्या कडेपर्यंत दोरी धरली. सहा हातांच्या जागी साडेतीनला जरा कमी, कड तीन हातांवर होती तिथं पावणेदोनला जरा कमी, असं करत सगळं पान एकाच प्रमाणात आत घेतलं. लहान झालं, पण आकार हुबेहूब तोच.

लोक जमले, पान लई देखणं झालं म्हणाले. तू ते कौतुक ठेवून घेतलं असतंस तर कुणाला कळलंही नसतं. तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "माझा हिशेब चुकला व्हता. पोरीनं सांगितलं व्हतं, मीच ऐकलं न्हाई." सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि मी मान खाली घातली. माझ्यामुळे तुला कमीपणा आला असं मला वाटलं, आणि ते बरीच वर्षं मनात राहिलं.

काल निम्म्या मापाच्या पानाचं क्षेत्रफळ मी घाईत निम्मं लिहिलं. मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, पाव पाहिजे ना?" मी म्हटलं, हिचं बरोबर आहे, माझं चुकलं. सगळा वर्ग तिच्याकडे वळला. तिनं मान खाली घातली आणि मी तिच्याकडे बघतच राहिले, इतकी ती मला आवडली. तेव्हा कळलं, की त्या सकाळी तूही माझ्याकडे अशीच बघत असणार.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? एवढंच कबूल करते, माय. काल 'माझं चुकलं' हे तोंडातून निघायच्या आधी मी उगाच फळा पुसत राहिले होते. तुला तेवढाही वेळ लागला नव्हता.