रिकामटेकडा प्रोग्रॅम

ती. बाबांना,

इथूनच वाकून नमस्कार. पाठ दुखायची थांबली, हे त्यावरून ओळखा.

काम मजेत चाललंय. कॉम्प्युटरमध्ये क्षणोक्षणी जे घडतं, त्या प्रत्येक घटनेला मी लेबल लावते: कामाची, बिनकामाची, संशयास्पद. परवा एक प्रोग्रॅम सापडला. दर मिनिटाला उठायचा, बाकीच्यांना "आहात ना?" एवढंच विचारायचा आणि पुन्हा झोपायचा. मी 'रिकामटेकडा' असं लेबल लावून त्याला बंदच करून टाकलं. पाच मिनिटांत सगळं ठप्प! कुणी विचारत नाही म्हणजे सगळे मेले, असं यंत्रणा धरून चालली. आमच्या ऑफिसातल्या वरिष्ठ बाई हसून हसून खुर्चीवरून पडायच्याच बाकी होत्या.

मला मात्र तुम्ही आठवलात. रोज साडेसातला फोन, "जेवलीस का?" आणि लगेच ठेवून देणं. मागे एकदा मी खेकसले, "रोज काय तेच!" तेव्हापासून फोन नाही. मी केला की आईच उचलते. म्हणते, रुसलेत. रुसलाच आहात ना? गुडघा बरा आहे ना?

पत्र मिळालं की साडेसातला फोन करा. हल्ली मी मुद्दाम आठला जेवते, म्हणजे "अजून नाही" म्हणता येईल आणि तुम्हाला पोटभर रागावता येईल.

तुमची,
बडबडी